कागदी उमेदवार

टोर्किल्ड रावनने अकरा देशांतल्या बेकारांचा अभ्यास करण्यात एकोणीस वर्षं घालवली आणि विसाव्या वर्षी संस्थेचं अनुदान आटल्यावर स्वतःच बेकारांच्या तक्त्यात जाऊन बसला.

त्याच्या डेन्मार्कात माणसाला कामावरून काढणं सोपं, काढलेल्याला मिळणारा भत्ताही बरा. त्या बदल्यात त्याने आठवड्याला दोन अर्ज करायचे आणि ते सरकारी नोंदवहीत टिपायचे. इतर देशांनी हे का उचलावं, यावर टोर्किल्डने एकशे चाळीस पानांचा अहवाल लिहिला होता. स्पेनमधला वेटर तीन-तीन महिन्यांच्या करारांवर कसा लोंबकळतो, जर्मन कारखानदार मंदीत तास कापून माणसं कशी टिकवतो, सगळं त्याला तोंडपाठ. काम मिळू नये अशाच बेताने अर्ज करणाऱ्यांना त्याने त्यात 'कागदी उमेदवार' असं नाव दिलं होतं, आणि त्या नावावर तो स्वतःच खूश होता.

आता पहिला अर्ज तो मनापासून करी. मंत्रालय, विद्यापीठ, ब्रुसेल्स. दुसरा नुसता कोटा भरायला. त्यासाठी त्याने रँडर्स स्टेशनसमोरची सॉसेजची गाडी हेरली होती. तिथे मदतनीस हवा होता, आणि बावन्न वर्षांच्या डॉक्टरेटवाल्याला कोण घेतंय? दर गुरुवारी तारीख बदलून तोच अर्ज जाई. असे तेरा गेले.

चौदाव्या गुरुवारी फोन आला. गाडीची मालकीण आस्टा म्हणाली, उद्या दहाला ये, एप्रन आहे माझ्याकडे.

टोर्किल्ड धावत रोजगार केंद्रात गेला. मंत्रालयाचं उत्तर महिन्याभरात येणार होतं, तेवढा वेळ भत्त्यावर काढायचा त्याचा बेत होता. सल्लागार मालेना निम्म्या वयाची. मिळालेलं काम नाकारलं तर भत्ता थांबेल, असं तिने अगदी गोड आवाजात सांगितलं. त्याने आपल्यासारख्या शिकलेल्यांना थोडी वाट पाहू द्यावी, असा मुद्दा मांडला. मालेनाने परीक्षेसाठी त्याचाच अहवाल वाचला होता. वाट पाहू दिली की माणूस जास्त चोखंदळ होतो, हे तिला त्याच्याच पानावरून माहीत होतं. त्याने शिकलेल्यांना सवलत देणाऱ्या तळटिपेची आठवण करून दिली. तळटिपा अभ्यासक्रमात नव्हत्या.

राहिला एकच मार्ग. पहिल्याच दिवशी कामात नापास व्हायचं, म्हणजे मालकीणच नको म्हणेल. आयुष्यभर पहिला नंबर काढलेल्या माणसाला हेही जमेल, असा त्याला विश्वास होता.

शुक्रवारी त्याने पहिल्याच दहा मिनिटांत दोन सॉसेज जमिनीवर पाडले आणि काकडीच्या बरणीचं झाकण उलटं फिरवत बसला. आस्टा, सत्तरीची, स्टुलावर गुडघे चोळत बघत होती.

"केंद्रातून येतात ते नुसती सही मागतात, म्हणजे आले होते असं दाखवता येतं," ती म्हणाली. "तू मात्र दर आठवड्याला लिहितोस. नवरा गेल्यापासून इतकं कुणी माझ्या मागे लागलं नव्हतं रे."

टोर्किल्डला स्वतःचीच लाज वाटली. त्याच्या पानांत या बाईसाठी रकानाच नव्हता; तिथे सगळी माणसं काम शोधत होती, माणूस शोधणारं कुणी नव्हतं. नापास होण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय खरं बोलणं, हे त्याला एकदम सुचलं, आणि त्याने पापही धुतलं जाईल असं वाटलं.

"आस्टाबाई, ते अर्ज खोटे होते. तुम्ही मला घ्याल असं वाटलंच नव्हतं, म्हणून तर पाठवले."

"ठाऊक आहे की. सातव्या अर्जात मला 'माननीय सचिव महोदय' असं लिहिलं होतंस."

"मग बोलावलंत कशाला?"

"माझे गुडघे गेलेत. आणि तू तेरा आठवडे न कंटाळता तेच ते केलंस. गाडीवर दुसरं असतं काय?"

त्याने सोमवारपर्यंत विचार करतो म्हणून सांगितलं. खुशाल कर, तोवर कांदा तळ, असं म्हणत तिने झारा त्याच्या हातात दिला. विचारात कांदा करपला. तेवढ्यात गाडीशी एक बसचालक येऊन उभा राहिला आणि हा कांदा काळा का, म्हणून विचारू लागला. टोर्किल्डने घसा साफ केला. याला तीन कारणं होती, आणि पहिलं तेलाच्या तापमानाचं होतं.

"समजावू नकोस," आस्टा स्टुलावरूनच म्हणाली. "दुसरा तळून दे."

चालकाची बस सहा मिनिटांनी सुटणार होती. टोर्किल्डने दुसरा कांदा कढईत टाकला.