जागेवरून फेक

माझा पाय डिस्क गोल्फ खेळताना मोडला, असं मी आमच्या चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. ते खोटं नाही. फक्त तो चकती फेकताना मोडला नाही, आनंदाने उडी मारताना मोडला. चाळीस पावलांवरून फेकलेली चकती बास्केटच्या साखळ्यांवर खणकन आदळली, मी दोन्ही हात वर करून उडालो, आणि चकती साखळ्यांतून बाहेर पडली त्याच क्षणी मी शेजारच्या चरात पडलो. नडगी दोन ठिकाणी मोडली. फेक वाया गेली ती गेलीच.

खेळ तसा सोपा. खांबावर बसवलेल्या लोखंडी बास्केटमध्ये कमीत कमी फेकींत चकती घालायची. जोडीने खेळताना दोघंही फेकतात आणि ज्याची चकती चांगल्या जागी पडेल तिथून दोघंही पुढची फेक करतात. दुसऱ्याने आपली चकती मुकाट्याने उचलून तिथवर चालत जायचं. दादाची आणि माझी जोडी नऊ वर्षांची. या नऊ वर्षांत बहुतेक वेळा चकती कोणी उचलली, ते विचारू नका. मी वाऱ्याला नावं ठेवायचो. बायको म्हणायची, नाचता येईना अंगण वाकडं. मी ऐकू न आल्यासारखं करायचो.

पाय प्लास्टरमध्ये गेल्यावर बायको माझ्या जागी खेळायला लागली. जागा राखायला म्हणून गेली आणि तीन रविवार सलग जिंकून आली. मी सोफ्यावरून दोघांचं अभिनंदन करायचो. पाय दुखतच होता, त्यात पोटातही दुखायला लागलं.

चार महिन्यांनी फिजिओबाईंनी खेळायची परवानगी दिली, पण धावत येऊन फेकायचं नाही, जागेवर उभं राहूनच फेकायचं, तेही गुडघ्यापर्यंत पट्टा बांधून. मी त्याच संध्याकाळी पट्टा बांधून घरभर हिंडलो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं बायको म्हणाली आणि तिला त्यात काही वाढवावंही लागलं नाही.

पुढच्या रविवारी जोड्यांचा मोठा सामना होता. दादाने ठरवलं की या रविवारी तिघांनी नऊ बास्केट खेळायच्या आणि मग त्याच्यासोबत कोण, ते बघायचं. दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत विचारतो, आधीचं बरं की आताचं? त्या दिवशी भिंग मीच होतो. मला भीती वाटत होती, सामन्याची नव्हे, दादा मला सोडून देईल याची.

आठ बास्केटपर्यंत माझी एकही चकती कामी आली नाही. न धावता फेकलेली चकती निम्म्या अंतरावर पडायची. सरळ पडायची, पण लाजेने ते माझ्या लक्षातच आलं नाही. आठही वेळा मी चकती उचलून लंगडत पुढे गेलो. ते दोघं मला घाई होऊ नये म्हणून बुटांच्या नाड्या बांधत थांबायचे. एवढ्या वेळा नाड्या कुणाच्या सुटत नाहीत.

नववी बास्केट झाडांच्या रांगेपलीकडे होती, मधे जेमतेम दाराएवढी फट. दादाची चकती खोडावर आपटून काट्यांत गेली. बायकोची फांदीत अडकली. उरलो मी. आता तीन पावलं धावायचं आणि चकती थेट बास्केटपाशी न्यायची, असं ठरवून मी मागे सरकलो.

बायको म्हणाली, “या वेळी सोफ्यावर चहा मिळणार नाही.”

मी पुढे आलो, दोन्ही पाय रोवले आणि जागेवरून फेकली. चकती फटीतून आरपार गेली आणि पलीकडे मोकळ्या गवतात पडली. बास्केट अजून लांब होती, पण खेळण्यासारखी जागा तेवढी एकच होती.

दादा काट्यांत शिरला, आपली चकती उचलली, पिशवीत टाकली आणि माझ्याकडे आला. इतकी वर्षं मी त्याची पाठच बघत चालत आलो होतो. आज तो शेजारून चालत होता, माझ्या लंगडण्याच्या वेगाने.

“सरळ फेकता येत होतं, तर इतकी वर्षं धावत का होतास?”

“तू धावायचास म्हणून.”

मग मीच म्हणालो की पुढच्या रविवारी हिलाच घे. म्हणताना वाईट वाटलं. दादा लगेच हो म्हणाला. वरवर तरी नको म्हणेल, अशी माझी अपेक्षा होती.

थोडं पुढे गेल्यावर त्याने मागे वळून, बायको फांदीला दगड मारण्यात गुंतलीय ना, ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“मंगळवारी एकटाच ये. हे जागेवरून कसं फेकायचं, ते दाखव मला. माझा गुडघा वर्षभर दुखतोय. कुणाला सांगितलं नाही.”

मला उडी मारावीशी वाटली. मारली नाही.