निवडलेला जावई

माझा जावई वीर म्हणून निवडला गेला, तेव्हा मला आधी हसूच आलं. पॅकिंग खात्यात खोक्याला चिकटपट्टी लावताना जो स्वतःचं बोट चिकटवून घेतो, तो म्हणे ड्रॅगन मारणार! उंटावरचे शहाणे मी पुष्कळ पाहिलेत. हा उंटावर चढतानाच पडणारा.

ड्रॅगन आमच्या कारखान्याच्या तळघरात आहे. आम्ही त्याला म्हातारा म्हणतो. साखळदंडाने बांधलेला म्हातारा बॉयलरखाली जाळ फुंकतो, त्या वाफेवर वरची यंत्रं चालतात आणि त्या यंत्रांवर आमची पोटं. त्याच्या दातांवरची काजळी खरवडायचं काम माझं. खांद्यापर्यंत हात त्याच्या तोंडात घालायचा आणि सळईने एकेक दात साफ करायचा. तेवढा वेळ तो श्वास रोखून धरतो. माझ्या नवऱ्याने उभ्या संसारात माझ्यासाठी एवढा वेळ नुसतं तोंडसुद्धा बंद ठेवलं नाही.

म्हातारा थकला की वाफेचा दाब उतरतो. मग साहेब कॅन्टीनमध्ये स्टुलावर उभे राहून भविष्यवाणी सांगतात: खांद्यावर डाग असलेला वीर येईल, राक्षसाच्या पंखाखाली वार करेल, सर्वांना मुक्त करेल. डाग म्हणे! पॅकिंगच्या दारात खांद्याच्या उंचीवर वाफेचा उघडा पाइप आहे. तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला डाग आहे, मलाही आहे. पाइपला चिंधी गुंडाळायचं साहेबांना सुचत नाही, भविष्यवाणी बरी सुचते.

पंखाखाली म्हाताऱ्याची जुनी जखम आहे. तिथे टोचलं की तो कळवळून जाळ ओकतो, आणि दाराकडे पळणारा वीर हटकून त्याच्या तोंडासमोर सापडतो. वीर संपतो. जखम मात्र ठसठसत राहते, म्हणून जाळही पुष्कळ दिवस टिकतो. साहेबांना हवा असतो तो एवढाच. मी चोरून तिथे ग्रीस लावते, म्हणून म्हातारा निवतो. म्हणजे एका अर्थी पुढचा वीर मीच मागवत असते, पण दुखणाऱ्या जिवाला हात लावू नको म्हणून कोणी सांगावं?

"आई, मला लहानपणापासूनच वाटायचं, माझ्यात काहीतरी आहे," जावई घरी येऊन म्हणाला.

"जंत असतील," मी म्हणाले.

मुलगी हसली नाही. तिला सातवा महिना. ती नवऱ्याचा डबा घासत होती, घासलेलाच पुन्हा घासत होती. "आई, तू तिथेच असतेस ना गं?" एवढंच म्हणाली. माझं हसू तिथेच विरलं. जावई कसाही असला तरी तिला तो हवा होता, आणि पोटातल्याला बाप.

मी जावयाला बजावलं, "जावईबापू, टोचाटोची करू नका. आत या, बाजूला उभे राहा, घरी चला."

"आई, इतिहास मला विचारेल."

"इतिहासाला तुमचं नाव तरी माहीत आहे का?"

दातांची सफाई राहिली आहे असं सांगून मी त्याच्याबरोबर तळघरात शिरले. साहेबांनी बाहेरून कडी घातली आणि दारातल्या जाड काचेला नाक लावलं. "दाब चढल्याशिवाय दार उघडणार नाही," ते ओरडले. सांगायला काय, कातडी दुसऱ्याची होती.

जावयाने मोठं भाषण केलं. म्हाताऱ्याने जांभई दिली. मग जावयाने तलवार उगारली आणि डोळे मिटून म्हाताऱ्याच्या शेपटीवर मारली, जिथे खवले सर्वांत जाड. तलवार वाकली. म्हाताऱ्याने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं मी रोज पाहते. रागवायच्यासुद्धा लायकीचा नव्हता तो.

दाबाचा काटा हलला नाही. जावई वाकडी तलवार घेऊन मटकन खाली बसला आणि रडायला लागला. "आई, मला घरी जायचंय." आता कुठे वयाला शोभेल असं बोलला.

कडी उघडणार नव्हती. आज नाही तर उद्या, भुकेने नाही तर तहानेने, तो आतच संपला असता. मी त्याला कॉलरला धरून भिंतीच्या कोपऱ्यात कोंबलं आणि सळई घेऊन म्हाताऱ्याच्या बाजूला गेले. मला बघून त्याने आपणहून पंख उचलला. त्याला वाटलं, ग्रीस लावायला आले.

मी सळई मुठीपर्यंत आत घातली.

असला जाळ त्या तळघराने कधी पाहिला नव्हता. काटा लाल पट्टीच्या पार गेला, वर भोंगा वाजला. म्हाताऱ्याने जाळ समोर बॉयलरवरच ओकला. मी त्याच्या हाताशी होते. मान वळवायचा अवकाश, माझी राख झाली असती. त्याने मान वळवली नाही. त्याने वळवली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

कडी निघाली. लोकांनी जावयाला खांद्यावर घेतलं. बाहेर पोचेपर्यंत त्याला स्वतःचा पराक्रम आठवायलाही लागला होता. मुलगी जिन्यात त्याच्या गळ्यात पडली. साहेबांना, त्या काचेला चिकटलेल्या नाकाला, आयुष्यभर मी मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, आता वीरबीर नकोत. दाब उतरला की तुम्हीच या. त्याचा तुमच्यावर विश्वास आहे."

त्यांच्या तोंडावर थुंकायला हवं होतं. माझ्या हातात अजून सळई होती, तीही गरम.

"कुठल्या पाळीत?" मी विचारलं.