तीन मुद्दे आणि एक बॉयलर

मास्तर सकाळपासून एका जागी बसले नव्हते. खुर्चीत टेकायचे, उठायचे, पाणी प्यायचे, पुन्हा ग्लास भरायचे. साहेबलोकांना चारचौघांत बोलायला शिकवणारा हा माणूस. दुसऱ्यांच्या पोटातला गोळा काढणं हाच त्यांचा धंदा. आज तो गोळा त्यांच्याच पोटात येऊन बसला होता. कारण अकरा वाजता संचालकांसमोर उभी राहणार होती ती त्यांची सख्खी धाकटी बहीण.

धाकटी कागदाच्या गिरणीत सुरक्षा अधिकारी. गिरणीचा जुना बॉयलर एका सांध्याजवळ झिजला होता. तो ताबडतोब बंद करून तीन आठवडे दुरुस्तीला घ्यायचा, एवढं तिला मंजूर करून घ्यायचं होतं. पण बॉयलर बंद म्हणजे गिरणी बंद, त्यामुळे तिच्या वरचा प्रत्येक साहेब ‘बघू’ म्हणून मोकळा झाला होता. दोन अर्ज फायलीत गेले. शेवटी थोरल्या साहेबांनी, म्हणजे अध्यक्षांनी, पंधरा मिनिटं दिली. अधिकाऱ्यांना बोलायला शिकवण्यासाठी गिरणीनं मास्तरांनाच नेमलेलं. काखेत कळसा असताना गावाला वळसा कोण घालतो? धाकटी भावापुढे जाऊन उभी राहिली.

मास्तरांची एक पद्धत होती, आणि तिचा त्यांना भारी अभिमान. माणसाला बोलायला लावायचं, त्याचा व्हिडिओ घ्यायचा आणि तो आवाज बंद करून बघायचा. “शब्द काय, कुणीही लिहून देतो. माणूस सापडतो तो हातांत आणि खांद्यांत,” असं ते सगळ्यांना ऐकवत. आठ दिवस धाकटी अशीच तपासली गेली. हात कापतोय? टेबलावर टेकव. नजर खाली जाते? मधल्या खुर्चीवर ठेव. ‘म्हणजे’ आणि ‘मला वाटतं’ तर त्यांनी पहिल्याच दिवशी हद्दपार केले.

झिजलेल्या सांध्याचा फोटो तिनं सगळ्यात आधी लावला होता. मास्तरांनी तो उचलून पार शेवटी टाकला, कुणी मागितला तरच दाखवायच्या गोष्टींत.

“दादा, अरे तो बघूनच तर त्यांना कळेल.”

“अगं, दारातच रडगाणं लावलंस तर आत कोण घेईल तुला? तीन मुद्दे, एक हसू, आणि शेवट चांगल्या बातमीवर.”

“यात चांगली बातमी कुठाय?”

“दुरुस्तीनंतर बॉयलर आणखी दहा वर्षं चालेल, ही.”

धाकटीनं मान डोलावली. लहानपणापासून ती दादाचं ऐकत आली होती, आणि तीच तिची वाईट खोड.

अकरा वाजता मास्तर सभागृहाच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. बसवतच नव्हतं. धाकटी बोलायला लागली आणि तिसऱ्या मिनिटाला त्यांचा जीव भांड्यात पडला. एक अडखळणं नाही. हात जागच्या जागी, नजर मधल्या खुर्चीवर. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, हसू. पोरगी काय तयार झालीय, असं मनाशी म्हणत त्यांनी सवयीनं ऐकणाऱ्यांकडे बघितलं.

एक संचालक मागे रेलला होता. दुसरा चहात साखर ढवळत होता. थोरल्या साहेबांचे खांदे सुट्टीच्या दिवशी घरी बसल्यासारखे सैल पडले होते. बॉयलर फुटेल असं ऐकणाऱ्या माणसांचे खांदे असे नसतात. ही मंडळी निवांत होती, आणि त्यांना निवांत करायचं औषध मास्तरांनीच आठ दिवस खपून तयार केलं होतं. थांबवावं तर कसं थांबवावं? ते या पायावरून त्या पायावर होत राहिले. तोवर धाकटी चांगल्या बातमीवर पोचलीसुद्धा.

“उत्तम,” थोरले साहेब म्हणाले. “इतकं नीटनेटकं आमच्याकडे कुणी बोलत नाही. हातातल्या ऑर्डरी संपल्या की घेऊ दुरुस्तीचं. चारेक महिन्यांत. काय मास्तर, शिष्या पास ना?”

धाकटीचा चेहरा उतरला. सगळ्या माना मागे वळल्या. अशा वेळी शिष्येची पाठ थोपटायची आणि गिऱ्हाइकाला खूश ठेवायचं, हे मास्तरांना झोपेतही जमलं असतं.

“वाईट झालं, साहेब,” ते म्हणाले. “आणि ते मी केलं. आठ दिवसांपूर्वी हिचे हात कापत होते. मला वाटलं, ही तुम्हाला घाबरते. ही तुम्हाला नाही, बॉयलरला घाबरत होती. ते कापणं मी काढून टाकलं. एक फोटोही मीच मागे टाकलाय. तो आधी बघा.”

कुणीतरी चमचा खाली ठेवला. थोरल्या साहेबांनी चष्मा लावला.

“खरंच भीती वाटते तुम्हाला?”

धाकटीनं फोटो पडद्यावर आणला. टेबलावरचा तिचा हात उचलला गेला आणि कापायला लागला.

“म्हणजे... साहेब, मला वाटतं... सांध्याजवळचा पत्रा झिजून निम्मा राहिलाय. कधी जाईल ते मला सांगता येत नाही. आज जाईल, वर्षानं जाईल. भिंतीपलीकडच्या शेडमध्ये अठ्ठावीस बायका कागद निवडायला बसतात. मी सकाळी त्यांना मोजते. शिफ्ट सुटताना परत मोजते. त्यांना वाटतं, मी हजेरी घेते. खरं काय ते मला सांगवत नाही.”

रेललेला संचालक सरळ बसला. थोरल्या साहेबांनी फोन उचलला.

“शेड रिकामी करा. बॉयलर बंद करा. हो, आत्ता. ऑर्डरींचं मी निस्तरतो.”

बाहेर जिन्याशी मास्तरांनी तिला गाठलं. त्यांना खूप काही बोलायचं होतं. शाबासकी द्यायची होती, जमलंच तर माफीही मागायची होती. धाकटी हेल्मेट चढवत होती.

“दादा, आठ दिवस मी हेच बोलत होते ना तुझ्यासमोर?”

“हो गं.”

“एकदा तरी तुला भीती वाटली?”

अडचणीच्या प्रश्नाला बगल कशी द्यायची, याचा मास्तर अख्खा एक तास घेत असत.

“नाही,” ते म्हणाले.

हेल्मेटचा पट्टा आवळून, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत ती शेडकडे पळाली.