सविताच्या गळ्यात पडायचं न्हाई

माणूस गेलं की आमच्या कुसगावात बायका लांबूनच हेल काढत येतात आणि घरातल्या बायकांच्या गळ्यात पडून रडतात. रीतच आहे ती, आणि वाईट मुळीच नाही. रडल्यानं जीव हलका होतो. पण सोपानची बायको सविता, तिला हे सोसायचंच नाही. तिचा सासरा गेला तेव्हा पहिलीच बाई गळ्यात पडली, आणि सविता तिला ढकलून पळाली ती थेट गोठ्यात. तिरडी उचलली तरी बाहेर आली नाही. झालं, गावाला वर्षभर चघळायला मिळालं. नणंद भागुबाई कार्ल्याला दिलेली, तिनं तर दहाव्याला चारचौघांत सुनावलं, "माझ्या बापावर हिची माया न्हवतीच." सविता गप्प राहिली. बोलणाऱ्याचे हुलगे खपतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, दुसरं काय.

याला सात वर्षं झाली. सविता आता चव्वेचाळीसची. लोणावळ्यातल्या एका हॉटेलात चादरी-टॉवेलांचं सगळं तीच बघते, आणि त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नाही. तिथंच ऑफिसात स्नेहल नावाची मुलगी आहे. मशीनचा आवाज येणार नाही अशा कोपऱ्यात सविता एकटीच डबा खाते, हे तिनं पाहिलं होतं. एक दिवस आपणहून म्हणाली, "मावशी, माझंही असंच आहे. मी गेल्या वर्षी तपासून घेतलं. ऑटिझम म्हणतात त्याला, आवाज, कुणी अंगाला लागणं सोसतच नाही. जन्मापासूनच असतं, आपला काही दोष नसतो." आणि हे तपासणाऱ्या तळेगावच्या मॅडमचा नंबरही दिला. देव तिचं भलं करो.

मॅडमनी पहिल्या खेपेला सांगितलं, लहानपणचं सांगणारं कुणी असेल तर फोन लावून द्या, आणि तुम्हाला जवळून पाहिलेलं एखादं माणूस सोबत आणा. लहानपणचं सविताच्या मावशीनं फोनवर सांगितलं. सोबत कोण? सोपानची कंपनीत पाळी. तेव्हा सासू कस्तुराबाई पदर खोचून म्हणाली, "मी येते की. बावीस वर्सं बघतीया हिला."

तर दुसऱ्या खेपेला मॅडमनी विचारलं, "सविताताई, इतकी वर्षं काढलीत. आत्ताच का तपासून घ्यायचंय?"

आता दुसरी कुणी असती तर इकडचं तिकडचं बोलली असती. सविताला ते जमत नाही. विचारलं की खरं ते सांगायचं, एवढंच तिला ठाऊक.

"आत्याबाई म्हाताऱ्या झाल्यात," ती म्हणाली. "त्या गेल्या की बायका माझ्या गळ्यात पडतील. मला अंगावर विस्तव पडल्यागत होतं, मी पळून जाईन. मग म्हणतील, सासूवर माया न्हवती. ते खोटं हाय. माया लय हाय. मला त्या दिवशी आत्याबाईंपाशी थांबायचंय."

सासू शेजारच्याच खुर्चीत, बरं का. मॅडमचा पेन हवेतच राहिला.

"आगं, मी हाय अजून," कस्तुराबाई म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. सुनेच्या तोंडून 'माया' हा शब्द तिनं बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला होता.

आणखी दोन खेपा झाल्या आणि मॅडमनी सगळं नीट समजावून कागद दिला. सविताला वाटलं होतं, कागद बघून वाईट वाटेल. वाटलं भलतंच. आपण दगड नाही, आपली घडणच निराळी, हे कुणीतरी लिहून दिलं होतं. स्टेशनच्या बाकावर तिनं तो चार वेळा वाचला. "आत्याबाई, तुमी आलात, तुमचे लय उपकार झाले," ती म्हणाली. "उपकार कसले," म्हातारी म्हणाली, "घरी चल, भागीला बोलवायचंय."

भागुबाई आली. कस्तुराबाईनं सांगितलं, "मी गेले की तू दारात बसायचं. हिच्या गळ्यात कुणाला पडू द्यायचं न्हाई."

"आन लोक काय म्हणतील?"

"म्हातारीनं सांगून ठिवलंय म्हणावं. मला ही जवळ पायजे."

भागुबाईनं नाक मुरडलं. कागदावर तिचा काही विश्वास बसला नव्हता.

पुढच्या माघात कस्तुराबाई गेली. शेवटचे आठ महिने ती अंथरुणावरच होती. हॉटेलातली सकाळची पाळी सांभाळून सवितानंच तिचं सगळं केलं. बायका आल्या. भागुबाई रडत होती, तरी दारातून हलली नाही. "तिच्या नका पडू गळ्यात, आयनं सांगितलंय," प्रत्येकीला सांगत राहिली. बायका जरा घुटमळल्या आणि हातभर अंतर ठेवून बसल्या. सविता सासूच्या उशाशी बसून होती. डोळ्यांत टिपूस नाही, पण पळाली नाही.

मग अंघोळ घालायची वेळ झाली. लेक म्हणून भागुबाईनं तांब्या घेतला आणि आईचा पाय उचलला.

"वन्सं, डावा सावकाश," सविता म्हणाली. "गुडघा लय दुखतो त्यांचा."

भागुबाईचा हात थांबला. आईचा कुठला गुडघा दुखायचा, हे तिला माहीत नव्हतं. सकाळपासून हेल काढून रडलेली भागुबाई आता रडली, पण आवाज न करता. तिनं तांब्या सविताच्या पुढ्यात ठेवला, तिच्या अंगाला हात न लावता, आणि जरा बाजूला सरकली.

"तूच घाल गं," ती म्हणाली. "तुलाच ठावं हाय."