कर्ण्यावरची शाळा

सुरतेत प्लेग आल्याची बातमी रोह्याच्या बाजारात पोचली, तेव्हा गणपती जाऊन फार दिवस झाले नव्हते. लोकांनी नाकाला रुमाल बांधले. औषधाच्या दुकानात टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मिळेनाशा झाल्या. मेलेला उंदीर दिसला की त्यावर रॉकेल ओतून काडी लावायची, एवढं एकच काम लोकांना नेमकं ठाऊक होतं. त्याच आठवड्यात तालुक्यावरून निरोप आला की पुढचा हुकूम येईपर्यंत शाळा बंद.

लीयाबाई निडी स्टेशनापलीकडच्या बोरीच्या वाडीतल्या शाळेत शिकवायच्या. शाळा चौथीपर्यंतची, शिक्षक दोनच. दुसरे कमळाकर गुरुजी, तेच मुख्याध्यापक. ते वाडीतच राहायचे. लीयाबाई रोह्याहून रोज सकाळच्या गाडीनं येत. घरी त्या आणि त्यांचे वडील इझिकेल, एवढीच दोन माणसं. भाऊ नथानियल लग्न करून इस्रायलला गेला, त्याच्यामागून चुलते गेले, शेजारची दोन घरं गेली. म्हातारे इझिकेल मात्र हलायला तयार नव्हते. इथली नदी सोडून मी वाळवंटात काय करू, असं ते विचारत, आणि लीयाबाई तो विषय तिथंच सोडून देत.

शाळा बंद झाल्याचं बाईंना मोठं दडपण आलं. सुट्टी लांबली की काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. भात कापणीला यायचं, पोरी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहायच्या, मग गुरांमागं जायच्या, आणि शाळा उघडली तरी त्यातल्या काही परत यायच्याच नाहीत. त्यांनी गुरुजींना विचारलं, मुलांना एकत्र बसवायचं नाही हे कबूल, पण शिकवायचं नाही असं कुठं म्हटलंय?

आधी त्यांनी कागदावर गणितं लिहून घरोघर वाटली. दोन दिवसांत पोलीस पाटील हैबतराव शाळेच्या पायरीशी येऊन उभे राहिले. एका घरचा कागद दुसऱ्या घरात जातो, हे बायांना पसंत नाही, असं त्यांनी सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या स्वतःच्या घरात तान्हं नातवंड होतं.

तेव्हा गुरुजींना काळुरामची आठवण झाली. काळुराम लग्नाकार्याला, गणपतीला लाऊडस्पीकर लावायचा. वाडीत वीज असून नसल्यासारखी, म्हणून त्याच्याकडे बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर होता आणि पत्र्याचे दोन मोठे कर्णे. सगळं सामान सध्या घरात पडून होतं. त्यानं एक कर्णा शाळेच्या कौलांवर बांधला, दुसरा देवळाशेजारच्या आंब्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी लीयाबाईंनी माईकवर फुंकर मारली आणि आख्ख्या वाडीवर त्यांचा आवाज गेला. त्यांचा त्यांनाच तो ओळखू येईना.

मुलं आपापल्या अंगणात पाटी घेऊन बसली. बाई हजेरीचं एकेक नाव घ्यायच्या, आणि त्या त्या घरातून "हजर बाई" असं ओरडून उत्तर यायचं. मग पुस्तकातलं पान सांगायचं, धडा वाचायचा, गणितं घालायची. उत्तर ज्याचं आधी येईल त्यानं हाक द्यायची. गोठ्यात बसलेल्या बायाही ऐकायच्या. एका म्हातारीनं बाईंना सांगितलं, आमच्या वेळेला असं असतं तर आमी पन शिकलो असतो गो.

विठू सुरतेहून आला तो याच दिवसांत. तिकडं कापड रंगवण्याच्या कारखान्यात तो कामाला होता. कारखाना बंद पडला, माणसं मिळेल त्या गाडीनं पळाली, तसा तोही निघाला. निडीला उतरून बांधाबांधानं घरी आला. त्याचं घर वाडीच्या टोकाला, भातखाचरांच्या पलीकडं. येताना चांगला धडधाकट होता. पण सुरतेहून आलाय एवढं कळल्यावर पुढचं कोणी विचारलं नाही. हैबतरावांनी लांबून ओरडून सांगितलं की घरातून कोणी बाहेर पडायचं नाही, विहिरीवर यायचं नाही, पाणी बांधावर आणून ठेवलं जाईल. विठूची बायको मालू दारात उभी राहून ऐकत होती. तिनं मान हलवली आणि दार ओढून घेतलं.

त्यांची मुलगी सुरभी चौथीत होती. दुसऱ्या दिवशी हजेरीत तिचं नाव आलं आणि खाचरांवरून बारीकसा, पण स्पष्ट आवाज आला, "हजर बाई." अंगणातल्या बायांनी आपापली पोरं जवळ ओढली.

शिकवणं संपल्यावर हैबतराव आले. त्या घराचं नाव कर्ण्यावर घेऊ नका, असं त्यांचं म्हणणं होतं. सकाळी सकाळी ते नाव ऐकलं की बायांच्या काळजात धस्स होतं.

लीयाबाई म्हणाल्या, "पाटील, कर्ण्यातून रोग जात नाही. ती पोर घरात कोंडून पडलीय. दिवसभरात तिला तिच्या नावानं हाक मारणारी मी एकटीच आहे. ती मी बंद करणार नाही."

हैबतराव आले तसे परत गेले. नाव घेणं चालू राहिलं. सुरभी गणितात हुशार होती. भागाकाराचं उत्तर बहुतेक वेळा खाचरांपलीकडूनच आधी यायचं, आणि बाई कर्ण्यावरून "शाबास सुरभी" म्हणायच्या.

शनिवारी लीयाबाई येत नसत. त्या ज्यू, आणि शनिवार हा त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा पवित्र दिवस. शुक्रवारी दिवेलागणीला त्या घरी दिवा लावत आणि दुसऱ्या दिवशी कामाला हात लावत नसत. शनिवारची अर्धी शाळा गुरुजी सांभाळत, आणि त्याबदली सुट्टीत जादा तास बाई घेत. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. त्या शनिवारी गुरुजींनीच कर्ण्यावर शाळा घेतली. रविवारी सुट्टी.

सोमवारी बाईंनी सुरभीचं नाव घेतलं. उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. थांबल्या. कर्ण्यातून नुसती खरखर येत होती. त्यांनी माईकवर हात ठेवून गुरुजींकडं पाहिलं.

गुरुजी म्हणाले, "शनिवारीपण बोलली नव्हती. मला वाटलं कंटाळली असेल."

लीयाबाईंनी वर्ग गुरुजींच्या हवाली केला आणि पदर नाकाला लावून त्या बांधावरून निघाल्या. भाताच्या लोंब्या बाहेर आल्या होत्या, चालताना साडीला लागत होत्या. मागून कुणीतरी "बाई, जाव नका तिकडं" असं ओरडलं.

मालूनं दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली की पोरीला बरं नाही, झोपलीय. बाई दारातच बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं आतून कडी निघाली. दार सुरभीनं उघडलं होतं. तिच्या हातात ओलं फडकं होतं. तिच्या मागं विठू घोंगडीवर पडला होता. डोळे अर्धवट उघडे, ओठ कोरडे पडलेले, आणि तो सुरतेतल्या कोणाशी तरी हिंदीत बोलत होता.

शुक्रवारी संध्याकाळी त्याला थंडी वाजून ताप भरला होता. मालूनं कुणाला कळू दिलं नाही. कळलं तर सरकारी माणसं त्याला उचलून नेतील, परत दाखवणारही नाहीत, घर जाळतील, असं तिच्या मनानं घेतलं होतं. तिनंच सुरभीला हजेरीला उत्तर द्यायची बंदी केली होती. एकदा तोंड उघडलं की पोर ओरडून बापाचा ताप सांगेल म्हणून. सुरभी मात्र आतून कर्ण्यावरचं सगळं ऐकत होती. हे सांगताना मालू रडली नाही. तिनं बाईंचा हात घट्ट धरला, आणि बाईंनी तो धरू दिला.

लीयाबाई तशाच काळुरामकडं गेल्या. त्याच्याकडं सामान वाहायला टेम्पो होता. विठूला रोह्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं आहे, असं त्यांनी सांगितलं. काळुराम जमिनीकडं बघत राहिला.

"बाई, नंतर माझ्या टेम्पोत कोन बसंल? लग्नाला कोन बोलवंल?"

"मागं त्याच्याजवळ मी बसते. तू पुढं बस, काचा लावून घे. नुसता चालव."

काळुराम घरात गेला. बाईंना वाटलं, आता येत नाही. पण तो किल्ली घेऊन बाहेर आला, आणि टेम्पोतली वायरची भेंडोळी अंगणात उतरवायला लागला. विठूला उचलायला तो आणि गुरुजी आले. मालू आणि सुरभीही मागं चढल्या. वाडीची दारं बंद होती. हैबतराव आपल्या ओटीवर उभे होते, नातवाला छातीशी धरून. त्यांनी कुणाला अडवलं नाही.

दवाखान्यात आधी सगळे मागं सरले. मग एका तरुण डॉक्टरनं विठूला आत घेतलं, बोटातलं रक्त काचेवर घेतलं आणि स्वतःच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. दुपारी तो बाहेर आला. लीयाबाईंना बाजूला घेऊन म्हणाला, प्लेगबिग काही नाही, मलेरिया आहे, पण मेंदूपर्यंत गेलाय. शनिवारी आणला असता तर बरंच काही करता आलं असतं. आता सलाईन लावलंय, बघू.

विठू दुसऱ्या दिवशी पहाटे गेला.

शनिवार हा शब्द लीयाबाईंच्या मनातून गेला नाही. त्या घरी येऊन वडिलांसमोर बसल्या. शनिवारी मी वाडीत असते तर तिची हाक आली नाही हे मला त्याच दिवशी कळलं असतं, असं त्या म्हणाल्या. तू वाईट केलं नाहीस, असं इझिकेलांनी म्हटलं नाही, आणि केलंस असंही नाही. त्यांनी विचारलं, त्याला न्यायला कोण आलंय?

फार कोणी नव्हतं. मलेरिया होता, हे डॉक्टरनं लिहून दिलं होतं. गुरुजींनी वाडीत जाऊन ते सांगितलंही होतं, पण लोकांचा विश्वास बसेना. सरकार खरं सांगत नाही, असं म्हणत माणसं घरात बसून राहिली. दवाखान्याच्या मागच्या खोलीशी मालू आणि सुरभी होत्या, काळुराम होता आणि गुरुजी होते. विठूचा एकुलता भाऊ कुठंतरी गुजरातेतच अडकला होता.

इझिकेल उठले. त्यांनी टोपी घातली, काठी घेतली. "तुझी आई गेली तेव्हा आपल्यात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेवढेही जमेनात," ते म्हणाले. "पेणवरून आपली माणसं येईपर्यंत दारात सगळी इथलीच माणसं उभी होती. चल."

कुंडलिकेच्या काठच्या स्मशानापर्यंत विठूला न्यायचं होतं. काळुराम, गुरुजी आणि इझिकेल असे तीन खांदे होते, चौथा लीयाबाईंनी दिला. बाईमाणसानं खांदा द्यायचा का, असं विचारायलाही तिथं कोणी नव्हतं. थोडं गेलं की म्हातारे इझिकेल थांबत, आणि सगळेच त्यांच्याबरोबर थांबत. बाजारातली माणसं दुकानात मागं सरकली.

पुलाच्या अलीकडं एक एसटी थांबली आणि तिच्यातून हैबतराव उतरले. त्यांच्याबरोबर वाडीतले दोघं-तिघं होते. नाकाला रुमाल बांधलेले. ते काही वेळ लांबून चालत आले. मग हैबतरावांनी रुमाल सोडला, खिशात घातला, आणि इझिकेलांच्या खांद्यावरच्या तिरडीखाली आपला खांदा लावून त्यांना बाजूला केलं. म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं पाहिलं आणि काठी घेऊन मागून चालू लागला. अग्नी सुरभीनं दिला.

पुढं भीती हळूहळू ओसरली. दिवाळीआधी शाळा उघडली. मालू मात्र वाडीशी बोलेनाशी झाली. विहिरीवर ती सगळ्या गेल्यावर जायची. कुणी हाक मारली तर थांबायची नाही. सुरभीला तिनं शाळेत पाठवलं, ते बाई स्वतः तीनदा घरी जाऊन बसल्या म्हणून. पोर वर्गात यायची, सगळं नीट लिहायची, विचारलं तेवढंच बोलायची. पहिल्यासारखी आधी उत्तर द्यायची घाई तिनं पुन्हा कधी केली नाही.

कापणीच्या दिवसांत एका सकाळी वाडीतली माणसं विळे घेऊन विठूच्या खाचरात उतरली. कुणी सांगितलं नव्हतं. हैबतराव होते, काळुराम होता, बाया होत्या. दुपारपर्यंत त्यांनी भात कापलं, भारे बांधले, अंगणात नेऊन नीट रचून ठेवले. लीयाबाई मधल्या सुट्टीत बांधावर आल्या होत्या. त्यांनी पाहिलं, मालू पूर्ण वेळ घराच्या दारात बसून होती. तिनं कुणाला नको म्हटलं नाही, आणि कुणाला पाणीही विचारलं नाही. शेवटचा भारा ठेवल्यावर हैबतराव तिच्यासमोर थोडे घुटमळले. काही बोलावं असं त्यांना वाटत होतं.

"येतो आमी," एवढंच ते म्हणाले.

मालूनं त्यांच्याकडं पाहिलं. मग ती उठली, अंगणात आली आणि रचलेल्या भाऱ्यांवर घरातली ताडपत्री पसरायला लागली. एक टोक वाऱ्यानं उडत होतं. जाता जाता वाडीतल्या एका बाईनं वाकून ते धरलं, आणि मालूनं ते तिच्या हातून काढून घेतलं नाही.