छताजवळचा मूक्कन

मित्रांनो, प्रयोगशाळेत पाऊल टाकल्यावर माणसे टेबलाकडे पाहतात, बाटल्यांकडे पाहतात, संगणकाकडे पाहतात. छताकडे सहसा कोणी पाहत नाही. मी तिथे असतो. मी हवेतला हायड्रोजन ओळखणारा एक जुना डिटेक्टर आहे. तळहाताएवढी पिवळी पेटी, खाली जाळीदार तोंड, एक हिरवा दिवा, एक तांबडा दिवा आणि आत एक भोंगा, एवढाच माझा संसार.

माझा जन्म कोइंबतूरच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी केसासारख्या बारीक तारेवर एक इवलासा मणी बसवला आणि त्या मण्याला मौल्यवान धातूचा लेप दिला. हायड्रोजन त्या मण्याला लागला की तिथल्या तिथे शांतपणे जळतो. मणी जरासा तापतो आणि मला कळते. धातू मात्र खर्च होत नाही. स्वतः न संपता जो दुसऱ्यांचे काम लवकर घडवून आणतो, त्याला उत्प्रेरक म्हणतात. माझे नाक असे उत्प्रेरकाचे आहे, आणि माझे सारे आयुष्यही उत्प्रेरक शोधणाऱ्या माणसांतच गेले.

पापनाशमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तंजावूरच्या बाहेर एक कॉलेज आहे. तिथल्या वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत मला बसवले. पाण्यात वीज सोडून त्यातून हायड्रोजन काढायचा, आणि तो इंधन म्हणून वापरायचा, हे तिथले काम. हायड्रोजन जळला की धूर होत नाही, नुसते पाणी होते. पण पाणी फोडायला चांगला उत्प्रेरक लागतो आणि चांगले उत्प्रेरक फार महाग असतात. निकेल, लोखंड असल्या साध्या धातूंतून तेवढाच चांगला उत्प्रेरक बनवता येईल का, हा तिथल्या सगळ्यांच्या डोक्यातला प्रश्न होता.

विनुता तिथे संशोधन करत असे. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतली, मराठी घरातली मुलगी. तिच्या डब्यात आठवड्यातून एकदा तरी उडदाच्या पिठाचे डांगर असायचे आणि त्यातले अर्धे भुवना संपवायची. भुवना प्रयोगशाळेची यंत्रे सांभाळत असे. ती तमिळ बोले, विनुता तिच्याशी तमिळच बोले. माझे बारसे भुवनानेच केले. तमिळमध्ये नाकाला मूक्कु म्हणतात. तिने मला मूक्कन म्हणायला सुरुवात केली, म्हणजे नाकवाला.

दर महिन्याला ती शिडी लावून वर येई. तिच्या हातात एक छोटे नळकांडे असे. त्यात थोडासाच हायड्रोजन मिसळलेली हवा भरलेली असे. ती हवा ती माझ्या तोंडाशी सोडी. माझा तांबडा दिवा लागे, भोंगा ओरडे, आणि भुवना खालच्या विनुताला सांगे, "नाक शाबूत आहे." मला त्या दिवशी फार बरे वाटे. ज्याला कोणी काही विचारतच नाही, त्याला विचारपूस झाल्यावर जसे वाटते, तसे.

त्या काळात काम सावकाश चाले. विनुता एक मिश्रण करी, भट्टीत भाजून घेई, जाळीवर चढवी, काचेच्या भांड्यात बुडवी आणि दिवसचे दिवस पाहत बसे. बहुतेक वेळा निकाल वाईट येई. मग पुन्हा नवे मिश्रण.

प्रयोगशाळेचे प्रमुख अनिरुद्धराव होते. तेही तंजावूरच्याच जुन्या मराठी घराण्यातले. त्यांच्या सासऱ्यांची भातशेती नागपट्टिणमच्या बाजूला, समुद्राजवळ. इंधनांच्या धुराने जग तापून समुद्र चढत होता; त्याचे पाणी जमिनीखालून आत येत होते आणि विहिरी खारट होत चालल्या होत्या. अनिरुद्धराव तिकडून परत आले की दोन दिवस रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेतच असायचे. माणूस वाईट नव्हता. त्यांना खरोखरच घाई होती, आणि घाईला कारणही होते.

मग नवी व्यवस्था आली. संगणक हजारो मिश्रणांचा अंदाज बांधी आणि त्यांतली आशा वाटणारी निवडून काढी. एक यांत्रिक हात ती मिश्रणे स्वतःच तयार करी. लहान लहान काचेच्या भांड्यांच्या रांगाच्या रांगा एकाच वेळी चालत. विनुताचे महिन्याचे काम एका दिवसात होऊ लागले. पहिल्या आठवड्यात ती नुसती त्या हाताकडे बघत उभी राहायची. खऱ्याला खरे म्हणायचे तर त्या वेगाने वाईट काही केले नाही. त्या रांगांमधूनच निकेल, लोखंड आणि आणखी एका धातूचे असे एक मिश्रण सापडले, जे महाग उत्प्रेरकाच्या अगदी जवळ पोचत होते. अनिरुद्धरावांनी त्या दिवशी सगळ्यांना कॉफी पाजली.

पण मित्रांनो, सगळे वाढले तरी एक गोष्ट तेवढीच राहिली. सगळ्या भांड्यांतला हायड्रोजन एका पाइपमध्ये जाई आणि पाइपाच्या टोकाला असलेला पंखा तो बाहेर फेकी. पाइप जुना होता. पंखाही जुना होता. एका भांड्यासाठी ते पुरेसे होते. मी त्या पाइपाच्या तोंडाजवळच होतो, म्हणून मला सगळ्यांत आधी कळले. मी ओरडू लागलो.

मी ओरडलो की यांत्रिक हात आपोआप थांबे. तशीच जोडणी होती. हात थांबला की चाललेला सगळा प्रयोग वाया जाई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागे. सुरुवातीला सगळे धावत येत. मग चालत येऊ लागले. मग कोणी मान वर करून म्हणे, "परत हा."

भुवना म्हणाली, "विनुता, गॅस वाढला आहे. पाइप मात्र तोच आहे. आधी पाइप बदलू."

विनुताने ते अनिरुद्धरावांना सांगितले. दिल्लीहून तपासणीसाठी पाहुणे येणार होते आणि त्यांच्यासमोर रांगा चालू दिसायला हव्या होत्या. पाइप बदलायचा तर छत फोडावे लागणार होते.

अनिरुद्धराव घरच्या मराठीत बोलले. त्या मराठीत नकोचे नोको होते, इथेचे हिंग, तिथेचे तिंग आणि सगळ्याचे अस्के. "पाहुणे जाऊ देत. मग अस्के बदलू. आत्ता थांबू नोको, विनुता. हिंग आपण थांबलो तरी तिंग समुद्र थांबत नाही."

"आणि तोवर हा ओरडत राहिला तर?"

"तेवढे दिवस त्याची वायर काढून ठेव."

विनुता शिडीवर चढली. तिचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता. मग तिने माझ्या भोंग्याची वायर काढली, आणि यांत्रिक हाताला थांबवणारीही. माझे दिवे तेवढे राहिले. खाली भुवना शिडी धरून उभी होती. त्या दिवशी तिने विनुताच्या डब्याला हात लावला नाही.

पाहुणे आले तो दिवस चैत्रातला होता. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. अनिरुद्धराव आणि विनुता पाहुण्यांबरोबर खालच्या सभागृहात होते. भुवना एकटी वर होती. दुपारच्या जेवणाआधी वीज गेली.

संगणक आणि यांत्रिक हात बॅटरीवर होते. ते चालूच राहिले. पाण्यात वीज जात राहिली, बुडबुडे उठत राहिले. पंखा मात्र भिंतीतल्या विजेवर होता. तो थांबला. खोलीत एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत सगळ्या भांड्यांमधला हायड्रोजन पाइपात चढू लागला. त्याला बाहेर जायला वाट नव्हती. पाइप भरला, पंख्याभोवतीची जागा भरली आणि मग तो माझ्या तोंडाशी आला.

मी तांबडा दिवा लावला. माझ्याजवळ तेवढेच होते. खाली भुवना मोजपात्र धुऊन ठेवत होती, माझ्याकडे पाठ करून. मित्रांनो, धोका समजणे आणि तो सांगता न येणे यासारखे दुसरे दुःख नाही.

शेवटी तिलाच ती शांतता खटकली असावी. तिने पंख्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिचा चेहरा उतरला. तिने एकाही बटणाला हात लावला नाही. बटणाची ठिणगीसुद्धा पुरेशी होते, हे तिला ठाऊक होते. तिने रस्त्याकडची खिडकी उघडली, बाहेर जिन्याशी आली आणि खाली हाक मारली.

"विनुता, खालचा मेन स्विच पाड. वीज आली की पंखा सुरू होईल, ठिणगी उडेल. पाइप भरला आहे."

विनुता पाहुण्यांना तसेच सोडून धावली. मेन स्विच जिन्याच्या पायथ्याशी, लोखंडी दाराच्या पेटीत होता. भुवना मात्र पुन्हा आत आली. अंगणाकडची खिडकी अजून बंद होती. ती उघडली तर वारा आरपार जाईल असे तिला वाटले. तिने खिडकीची कडी काढली. खाली लोखंडी पेटीचे दार उघडल्याचा आवाज मी ऐकला.

त्याच क्षणी वीज आली.

पंख्याच्या जुन्या मोटरीत एक निळी ठिणगी उडाली. पुढचे मी नीट सांगू शकत नाही. पाइप फाटला, छताचे तुकडे खाली आले, काचा अंगणात उडाल्या. मी एका वायरला लोंबकळत राहिलो. खाली भुवना भिंतीशी बसली होती. तिच्या हातातून रक्त येत होते. विनुता वर आली आणि तिला हाका मारू लागली. भुवना तिच्या ओठांकडे बघत होती. तिला ऐकू येत नव्हते.

ती वाचली. हात बरा झाला. डावा कान गेला तो गेलाच.

चौकशी झाली. चौकशीच्या आदल्या दिवशी अनिरुद्धराव विनुताशी बोलले, जळक्या खोलीतच. ते एकदम म्हातारे दिसत होते. "वीज गेली म्हणून झालं, एवढं सांगितलं तर खोटं होत नाही."

"वायर मी काढली, सर," विनुता म्हणाली. "तेच सांगणार."

"मी काढायला सांगितली."

"तेही सांगणार."

तिने तसेच सांगितले. अनिरुद्धरावांनीही नाकारले नाही. त्यांचे पद गेले. विनुताचे काम दीड वर्ष बंद राहिले. भुवना परत आली नाही. ती आता पापनाशमच्या एका शाळेत शिकवते. विनुता महिन्यातून एकदा बसने तिला भेटायला जाते आणि तिच्या उजव्या बाजूला बसते, असे मी ऐकले आहे.

आता प्रयोगशाळा पुन्हा सुरू झाली आहे. विनुता तिची प्रमुख आहे. पाइप रुंद आहे. पंखा ठिणगी न उडणारा आहे आणि त्यालाही बॅटरी आहे. भांड्यांच्या रांगा पूर्वीपेक्षा जास्त आहेत. ते मिश्रण आता कारखान्यात वापरण्याइतके टिकाऊ होत आले आहे. माझ्या सगळ्या वायरी जोडल्या आहेत. मी ओरडलो तर सगळे थांबेल.

कोणीतरी म्हणाले होते की हा डिटेक्टर जुना झाला, नवा आणू. विनुता म्हणाली, "नोको. हाच खरं बोलला होता." मला त्या वेळी अभिमान वाटला होता.

पण खोली दुरुस्त करणाऱ्यांनी नव्या काचांच्या फटी सिलिकॉनच्या चिकट लापीने बुजवल्या. तिचा आंबट वास दोन-तीन दिवस येत होता, असे माणसे म्हणत होती. त्या लापीची वाफ वर आली आणि माझ्या मण्यावर बसली. अगदी पातळ, काचेसारखी. तिच्याखाली माझा धातू झाकला गेला. उत्प्रेरक संपत नाही, मित्रांनो, पण तो असा मरतो. आता हायड्रोजन माझ्या तोंडाशी आला तरी मणी तापत नाही. तारेतून वीज नीट वाहते, म्हणून दिवा हिरवाच राहतो. मी बिघडलो आहे, हे सांगणारा दिवा मला बनवणाऱ्यांनी दिलेला नाही.

एक छोटे नळकांडे माझ्या तोंडाशी धरले तर लगेच कळेल. ते काम भुवनाचे होते. ती गेल्यावर ते कोणाकडे आले, हे कोणी ठरवलेच नाही. विनुताला मनापासून वाटते की आता माझ्यावर कोणी अविश्वास दाखवू नये. पूर्वी मी खरे सांगत होतो आणि कोणी ऐकत नव्हते. आता सगळे ऐकतात, आणि माझ्याजवळ सांगायला काही उरलेले नाही.

म्हणून तुम्हाला विनवतो. तुमच्या शाळेत, घरात, दवाखान्यात माझ्यासारखे पहारेकरी असतील. ते गप्प आहेत म्हणून सगळे ठीक आहे असे समजू नका. त्यांना अधूनमधून उठवा, थोडासा धोका मुद्दाम हुंगायला द्या, ते ओरडतात का पाहा. त्यांच्यावर प्रेम असेल तर त्यांची परीक्षा घ्या.

आज सकाळी विनुता नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आली. तिने चप्पल बाहेर काढली, डबा कोपऱ्यात ठेवला. रांगा सुरू करण्याआधी ती रोज एकदा माझ्याकडे पाहते. आजही पाहिले. दिवा हिरवा होता. तिने समाधानाने मान हलवली आणि बटण दाबले.