कोपर पद्धत

आमच्या सेंटरमधून बरं होऊन कुणी जात नाही. ही बदनामी नाही, तसं आम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाकतो. येतात ती सगळी जुनी दुखणी: संधिवात, आखडलेले खांदे, वर्षानुवर्षं ठणकणाऱ्या कंबरा. बाकीच्या डॉक्टरांनी हात टेकले की माणूस आमच्याकडे मसाजला येतो. मसाजने दुखणं जात नाही, पण थोडं सरकून बसतं, आणि तेवढ्या जागेत माणूस झोपतो, जिना चढतो, नातवाला उचलून घेतो. मी दाराजवळच्या टेबलावर बसते. फोन घेते, पाळ्या लावते आणि "आज जरा जास्तच दुखतंय हो" हे वाक्य प्रत्येकाकडून नव्याने ऐकून घेते.

मसाज करणाऱ्यांत सगळ्यात जास्त मागणी माझ्या नणंदेला. मला इथे चिकटवलं तेही वन्संनीच. त्यांनी लग्न केलं नाही, भावाच्या संसारात राहतात असं नातेवाईक म्हणतात. खरं म्हणजे आम्ही नवराबायको त्यांच्या संसारात राहतो. आमच्या ह्यांनी आजवर जो धंदा काढला तो बसायलाच काढला. घर उभं आहे ते वन्संच्या दोन हातांवर.

त्यातला उजवा हात गेला, हे मला बरणीच्या झाकणावरून कळलं.

"अगं, एवढं उघडून दे. माझे हात तेलाचे आहेत," वन्सं म्हणाल्या.

आठवडाभर तेलाचे हात मी समजू शकते. पण त्या दिवशी सेंटरला सुट्टी होती. मी त्यांचा हात धरला तर तो कोरडा ठणठणीत, आणि अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढी सूज. नुसतं बोट लावलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कधीपासून?"

"तू कुणाला बोलू नकोस."

"वन्सं, तुम्ही लोकांना दिवसभर सांगता, दुखणं अंगावर काढू नका!"

"लोकांना सांगते. लोकांना इथे नोकरी करायची नसते."

आमच्या डॉक्टरसाहेबांचं धोरण साफ आहे: हात गेला की जागा गेली. वन्संच्या आधीच्या बाईंचं मनगट आखडलं तेव्हा साहेबांनी त्यांना गुच्छ दिला, त्यांच्या सेवेवर काळजाला हात घालणारं भाषण केलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं टेबल दुसरीला दिलं. जुन्या दुखण्याच्या माणसांची काळजी घेणारं आमचं सेंटर. फक्त ती माणसं बाहेरून आलेली असावीत.

मग वन्संनी अंगठा सोडून कोपर वापरायला सुरुवात केली. पाठीवर कोपर, मांडीवर कोपर, खांद्यावर मनगटापासून वरचा हात. मला वाटलं, आता तक्रारी येणार. आल्या त्या फर्माइशी. कंबरवाल्या आजी टेबलावरून उतरता उतरता म्हणाल्या, "इतके दिवस बाई नुसता लाड करत होत्या, आज कुठे उपचार झाला!" खांदेवाल्या वकिलांनी आपल्या सासूला आणलं, सासूने विहिणीला. महिनाभरात फोनवर लोक विचारू लागले, "ते कोपरवालं मिळेल ना?"

साहेबांच्या कानावर हे जायला वेळ लागला नाही. एक दिवस ते दारात उभं राहून बघत राहिले. मी बाहेर देव पाण्यात घालून बसले होते. साहेब वळले ते उजळलेल्या चेहऱ्याने.

"तुमच्या नणंदबाईंनी नवं तंत्र शोधलंय आणि तुम्ही आम्हाला पत्ता लागू दिला नाहीत!"

"त्या फार बोलत नाहीत," मी म्हणाले. हे तरी खरं होतं.

झालं. भिंतीवर 'कोपर पद्धत' असा मोठा फलक लागला. इतर थेरपिस्टांसाठी शिबिर ठरलं आणि वन्सं शिक्षिका झाल्या. घरी हे म्हणाले, "ताई, तू कमालच केलीस!" वन्संनी डाव्या हाताने चहाचा कप उचलला.

अडचण एकच होती, ती म्हणजे घड्याळवाले काका. काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि बोटांची पेरं संधिवाताने सुजून वाकडी झालेली. बोटांना कोपर चालत नाही. एकेक पेर अंगठ्याने सावकाश मोकळं करावं लागतं, तेव्हा कुठे काकांच्या चिमटीत बारीक स्क्रू राहतो. वन्सं त्यांची पाळी दिवसात शेवटची ठेवायला लावत आणि दार लावून घेत. काका जाताना हात उघडून मिटून बघत आणि हसत. त्यानंतर वन्सं बराच वेळ आतच बसून राहत.

"काकांना दुसरीकडे पाठवा ना," मी एकदा वैतागून म्हणाले. "तुमचा हात गेला तर आपण सगळेच रस्त्यावर येऊ."

"ते माझ्याकडे आले तेव्हा दुकान विकायला निघाले होते," वन्सं म्हणाल्या. "तू पाळ्या लाव."

शिबिराला खोली गच्च भरली. साहेबांनी प्रात्यक्षिकासाठी नेमकं बोलावलं कुणाला, तर सगळ्यात जुने पेशंट म्हणून घड्याळवाल्या काकांना. काकांचे दोन्ही हात उशीवर ठेवले गेले.

"पाठीवर काय, कुणीही करेल," साहेब सर्वांना म्हणाले. "आज बाई बोटांवर कोपर पद्धत दाखवतील."

"साहेब, बोटांना नको," वन्सं हळूच म्हणाल्या.

"संकोच करू नका. चालू द्या."

वन्संनी काकांच्या हाताकडे पाहिलं. कोपर टेकवलं असतं तर ती बोटं गेली असती. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि अंगठ्यानेच पहिलं पेर धरलं. मी दारातून बघत होते. दुसऱ्या पेरावर त्यांचा चेहरा पांढरा पडला, तिसऱ्यावर "आई गं!" म्हणून हातच सुटला.

"माझा अंगठा गेलाय, साहेब," वन्सं म्हणाल्या. "कधीचाच. म्हणून कोपर. तंत्रबिंत्र काही नाही. ज्यांचे अंगठे शाबूत आहेत त्यांनी अंगठाच वापरा. यांना अंगठाच लागतो."

साहेबांनी एकदा वन्संकडे पाहिलं, एकदा भरलेल्या खोलीकडे, एकदा भिंतीवरच्या फलकाकडे. त्यांना कळलं. मी शपथेवर सांगते, त्यांना सगळं कळलं होतं. मग ते मोकळं हसले.

"बघितलंत? शिक्षक असा असावा लागतो! जुन्या पद्धतीने थेरपिस्टच्या हाताचं काय होतं, ते बाईंनी स्वतः करून दाखवलं. नुसतं सांगून हे तुम्हाला पटलं असतं का? आजपासून आपल्या सेंटरमध्ये अंगठा बंद!"

"म्हणजे मी आता—" काका काहीतरी विचारायला गेले.

त्यांचा आवाज टाळ्यांत बुडाला. सगळी खोली उठून टाळ्या वाजवत होती. घर वाचलं होतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवत होते. अख्ख्या खोलीत टाळ्या न वाजवणारी दोनच माणसं होती, काका आणि वन्सं. दोघांनाही वाजवता येत नव्हत्या.